डाव्याची माफी

१४ मे, बुधवार

लामिलेला ओकाइन मास्तरांनी परत पाठवलं.

पुढच्या महिन्यात आक्रा शहराच्या बॉक्सिंग संघाची निवड आहे. आमच्या बुकोमच्या तालमीतून तिच्या वजनाची एकच मुलगी जाणार. ती नॉर्टेची मुलगी आयोर्कोर असणार, असं मास्तरांनी आजच ठरवून टाकलं. लामिलेने कारण विचारलं. म्हणाले, "पोरी, तुझे हात आखूड, मान लांब. हे बॉक्सिंगचं शरीर नाही. मावशीबरोबर मासे वीक."

घरी येऊन तिने दोन केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे ते गोळे, मिरचीच्या ठेच्यासकट खाल्ल्या. बहिणीची मुलगी माझी, एकोणीस वर्षांची. बहीण तेमाच्या बंदरात कामाला, पोर आमच्याकडे वाढलेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जन्माने कुणाचं काही ठरत नाही — हे मी मासळी बाजारात सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, मंत्र्याच्या तोंडावर सांगितलं. आणि माझ्याच घरातल्या पोरीला कुणी सांगतं की तुझ्या हाडांनी तुझं ठरवून टाकलंय!

आणि नेमका हा बंदीचा महिना. पुजाऱ्यांनी बाजरी पेरली, आता ती उगवेपर्यंत देवांना शांतता हवी. ढोल नाही, गाणी नाही, कर्णा नाही. माझ्या सगळ्या सभा थेट जूनच्या मध्यात.

म्हणून ही वही.

१५ मे

मास्तरांशी भांडून आले. कुजबुजत भांडले.

तालमीची मागची भिंत म्हणजे पुजाऱ्यांच्या घराची भिंत. बंदीत तिथे घंटासुद्धा वाजत नाही. फेरी संपली की मास्तर टॉवेल हलवतात आणि पोरं थांबतात. तिथे मी ओरडणार कशी? आम्ही दोघं रिंगच्या दोरीला टेकून, डोकं डोक्याजवळ आणून एकमेकांचा उद्धार करत होतो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, लग्नाची बोलणी चाललीत.

"मास्तर, माणूस म्हणजे काय लाकूड आहे, ठोकून बघायला?"

"हो. होडी करणारा लाकूड ठोकूनच घेतो. नंतर समुद्रात बुडण्यापेक्षा बरं."

"ही गुलामांच्या बाजारातली भाषा झाली. दात बघा, दंड बघा!"

"हळू बोला, बाई. पुजारी झोपलेत." मग म्हणाले, "तुम्ही खूप वाचलंय हे बुकोमला माहीत आहे. पण या वाळूवर तुम्ही एक संध्याकाळ तरी बसलात का? या. बघा. मग मला शिव्या द्या."

जाणार आहे. शिव्या द्यायला जाणार आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

१६ मे

गेले. काही कळलं नाही. सगळे घामाघूम, सगळे सारखेच दिसतात.

१९ मे

आता दिसायला लागलंय.

चार संध्याकाळी मी उलट्या बादलीवर बसतेय. पहिल्यांदा मी दंड बघत होते, सगळे बघतात तसे. मास्तर हसले. "दंड फोटोसाठी असतात, बाई. ठोसा पाठीतून येतो. त्याच्याआधी कमरेतून. त्याच्याआधी टाचेतून." मग मी टाचा बघायला लागले. खरंच, ज्याची मागची टाच वळत नाही त्याचा ठोसा पिशवीवर नुसता थापटी मारल्यासारखा बसतो. टाच वळली की पिशवी कण्हते.

मास्तर नव्या पोराची चप्पल आधी बघतात. पुढे झिजलेली असेल तर ठेवून घेतात, टाचेला झिजलेली असेल तर म्हणतात, उद्या ये. मग अंगठ्याने भुवईचं हाड चाचपतात. हाड बोथट हवं. धारदार हाडावर कातडी लवकर फाटते, आणि रक्त डोळ्यात गेलं की बाकीचं शरीर कितीही चांगलं असो, उपयोग नाही. पोटऱ्या बारीक हव्यात, मनगट जाड हवं, मान आखूड हवी — हनुवटीला धक्का बसला की डोकं किती मागे फेकलं जातं ते मानेवर असतं म्हणे.

आणि हात. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महत्त्वाचे हात. दोन्ही बाजूंना पसरायला लावून मास्तर जाळ्याच्या दोरीने मोजतात. तीच दोरी मग डोक्यापासून पायापर्यंत धरतात. आयोर्कोरची दोरी तिच्या पायाखाली उरून वाळूवर पडते. लामिलेची घोट्यापर्यंतही पोचत नाही.

हे मी का लिहितेय? कारण मला मजा वाटतेय. लाज वाटायला हवी, पण मजा वाटतेय.

२० मे

मंगळवार. दर मंगळवारी समुद्रावर जायला मनाई, सगळे नाखवे किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले. मी सगळ्यांच्या पोटऱ्या बघत गेले. एकाने विचारलं, "आमेर्लेबाई, नवरा शोधताय का?" मी म्हटलं, "तुझी मान लांब आहे, तू नापास."

२२ मे

ग्रंथालयातून शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं. खांद्याचं पान उघडून आईच्या पाठीवर हाड शोधत होते.

"काय चाललंय?" आई.

"आई, तुझं खांद्यामागचं हाड बघतेय. बॉक्सरची ताकद इथे असते."

"सत्तर वर्षं माशांच्या टोपल्या वाहिल्या त्या पाठीने. कुणी मला विजेत्याचा पट्टा दिला का?" मग लामिलेकडे वळून, "पोरी, तुझी मावशी बिनकामाची झाली की अशी होते. बंदी लवकर उठो."

पण आईची पाठ खरंच बघण्यासारखी आहे. आणि लामिलेची तशीच आहे! आखूड हात, पण खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीचा पंखा उघडलेला. हे मास्तरांना दिसत नाही का?

२३ मे

विचारलं. म्हणाले, दिसतं. पाठ चांगली आहे. आखूड हाताचे बॉक्सर त्यांनी पाहिलेत, चांगले पाहिलेत. "लांब हातवाला दारातून मारतो. आखूड हातवाल्याला घरात घुसावं लागतं. घुसायला दोन गोष्टी लागतात — पाय, आणि घुसल्यावर मारायला काहीतरी. तुमच्या पोरीला पाय आहेत. ती घुसते. आणि घुसून करते काय? तिचा उजवा हात बघा तुम्ही."

बघितला. मास्तरांची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, पण उजवा हात शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा चालतो. पाय आत नेतात, कंबर वळते, आणि हात उशिरा येतो. जणू त्याला कुणीतरी हाक मारून सांगावं लागतं.

आयोर्कोर शेजारीच पिशवीवर होती. तिचा हात बघत राहावं असा आहे. सुटलेला दिसत नाही, पोचलेला दिसतो. तिचा बाप नॉर्टे रोज येतो, दोरीपाशी उभा राहतो. मला म्हणाला, "बघताय ना? सहाव्या वर्षापासून सकाळी उठवून हात ओढतो मी तिचे. खांद्यापासून. देवाने दिलं, मी वाढवलं." मी त्याला म्हटलं, हाडं ओढून वाढत नाहीत, पुस्तकात आहे. तो म्हणाला, पुस्तकवाल्याने माझी मुलगी बघितलेली नाही.

मी तिची सगळी मापं लिहून घेतली. उंची, दोरी, मनगट, मान. पोरगी शांतपणे उभी राहिली, मोजून घ्यायची सवयच असल्यासारखी.

२५ मे, रविवार

आजचं लगेच लिहून ठेवते.

आई चर्चला गेली. लामिले अंगणात मासे साफ करत होती, मी मासे धुरवायच्या भट्टीत लाकडं सारत होते. सहज मान वळवली. सुरी तिच्या डाव्या हातात! आणि कशी चालत होती — खवले पावसासारखे उडत होते. पोट चिरणं, आतडं काढणं, पुढचा मासा. मी तिला उजव्या हाताने मासे साफ करताना हजारदा पाहिलंय. ते काम असतं. हे वेगळंच काहीतरी होतं.

"लामिले, डाव्या हाताने?"

तिने सुरी झटकन उजव्या हातात घेतली. मग मी रागावले नाही हे बघून हसली. "आजी नसली की. लवकर उरकतं."

मग आठवलं. लामिले चार वर्षांची असताना जेवायच्या वेळी आई तिचा डावा हात फडक्याने अंगाशी बांधायची. शेजारच्या दोन पोरांचेही तसेच बांधलेले असायचे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, जेवायचं नाही, मोठ्या माणसासमोर डावा हात उचलून दिशासुद्धा दाखवायची नाही. बुकोममध्ये डावरं मूल नाहीच. शाळेत जायच्या आत सगळी उजवी होतात.

म्हणजे तालमीत जी मोजली गेली ती लामिले नव्हतीच. अर्धी होती.

२६ मे

मास्तरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. लामिलेला बोलावलं. "पाय बदल. उजवा पुढे, डावा मागे. मार."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुजाऱ्यांच्या भिंतीकडे बघितलं. मग मारला.

पिशवी धरून उभा असलेला दांडगा गडी दोन पावलं मागे गेला. सगळ्या तालमीचं काम थांबलं, आणि बंदीत कुणाला ओरडता येईना. नुसता एक श्वास ऐकू आला, सगळ्यांचा मिळून.

मास्तर बादलीवर बसले. माझ्या बादलीवर. म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांची मनगटं, माना, भुवया बघतोय. आणि जे पोर डावा हात पुढे करून हातमोजे घेतं त्याच्या हातावर मीच चापट मारतो — नीट घे, उजव्याने घे. किती परत पाठवले असतील मी असे?"

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी विचारलं, "आता?"

"आता चौदा जूनला दोघींची लढत लावू. जिंकेल ती जाईल. तुमच्या पोरीसाठी यापेक्षा जास्त नाही करता येणार मला."

पुरे आहे.

२९ मे

लामिलेची मान लांब, ती काही बदलत नाही. म्हणून मास्तरांनी केंकीवरचं मक्याचं पान घडी करून हनुवटी आणि छातीमध्ये धरायला दिलंय. सराव संपेपर्यंत पडता कामा नये. घरीही ती तशीच फिरते. आईने विचारलं, "दात दुखतोय का?" लामिले पान दाबून हुं म्हणाली.

आईला अजून डाव्याचं माहीत नाही.

१ जून

माहीत झालं. चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं. बुकोममध्ये ढोल बंद करता येतात, बायका नाही.

आई दारातच उभी राहिली, डोक्यावरचा रुमालही न सोडता.

"बॉक्सिंग करतेस, मी काही बोलले नाही. दात पाडून घेशील, मी काही बोलले नाही. पण डावा हात? चारचौघांत? नॉर्टेच्या मुलीला?"

"आजी, ठोसाच तो. उजवा काय, डावा काय."

"ठोसाच? रस्त्यात कुणाला मारायचं झालं तरी माणूस उजव्या हाताने मारतो. मार, पण रीतीने मार. उद्या नॉर्टे मला विचारेल, म्हातारे, तुझ्या नातीने माझ्या पोरीला डाव्या हाताने का मारलं, आम्ही काय कुत्री आहोत का? काय सांगू त्याला?"

मी मध्ये पडले. मोठं भाषण दिलं. हात म्हणजे हात, रक्त दोन्हीकडे तेच, उजव्याला पवित्र कुणी केलं, ज्यांना दुसऱ्याला कमी लेखायचं असतं त्यांनाच एक अवयव हलका लागतो — चांगलं बोलत होते मी. आईने संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं? मग उद्यापासून तू बाजारात डाव्या हाताने पैसे घेत जा. बघू किती गिऱ्हाइकं उरतात."

मी घेत नाही. मी घेणारही नाही.

२ जून

आई जेवली नाही. लामिले तालमीत गेली नाही.

४ जून

तीन दिवस झाले. मास्तर स्वतः घरी आले, आईसाठी पपई घेऊन. अर्थात उजव्या हाताने दिली. आईने घेतली आणि दुसऱ्याच विषयावर बोलत बसली. जाताना मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "हात गरम राहिला नाही तर सगळं वाया जाईल, बाई."

लामिले भट्टीपाशी उभी राहून हवेत मारत होती. उजव्याने. ती आजीला न विचारता जाणार नाही. मला वाटलं होतं, पोर माझ्यासारखी आहे. नाही. मी गेले असते.

६ जून

आईनेच तोडगा काढला. दुपारी पाय चोळत बसली असताना, इकडे न बघता म्हणाली, "उजव्या हातात टोपली असली आणि डाव्याने काही द्यावं लागलं तर आपण काय करतो?"

"माफी मागतो. डाव्याची माफी असू दे, म्हणतो."

"मग तिला म्हणावं, मारण्याआधी म्हण. त्या पोरीला ऐकू जाईल असं म्हण. मग मार."

मी हसले तर आईने पायाने ढकललं. "हसू नकोस. ही रीत आहे. रीत राहिली की हात कुठलाही चालतो."

वीस वर्षांत मला एवढी छोटी आणि एवढी उपयोगाची सूचना कुठल्याही सभेत मिळालेली नाही.

लामिले आजीच्या गुडघ्याला हात लावून तालमीकडे पळत गेली. चपला न घालता.

१० जून

आत घुसते, वाकते, डावा खालून येतो. मास्तर म्हणतात, अजून आठ दिवस मिळाले असते तर. आयोर्कोरसमोर दोन फेऱ्या खेळवल्या त्यांनी. पहिलीत आयोर्कोरने तिला जवळही येऊ दिलं नाही. लांब हात म्हणजे काय ते मला आज नीट कळलं. लामिले पुढे येते आणि दर वेळी तिथे आधीच एक हातमोजा असतो. दुसरीत एकदा आत शिरली, पण डावा खांद्यावरून घसरला.

पुस्तकात खांद्याच्या सांध्याची आठ पानं आहेत. हे त्यात नाही.

१२ जून

बंदी उठली. दुपारी पुजाऱ्यांच्या घरासमोर पहिला ढोल वाजला आणि सगळं बुकोम एकदम बोलायला लागलं. मास्तरांनी घंटा अशी वाजवली की तालमीतलं एक पोर दचकून पडलं.

माझ्याकडे तीन सभांची आमंत्रणं आली. मी तिन्हींना सांगितलं, रविवारनंतर.

१४ जून

लिहिते. आधी निकाल लिहिते — लामिले जिंकली.

सगळी वस्ती रिंगभोवती. ढोल, कर्णे, महिनाभराचं साठलेलं ओरडणं. नॉर्टे एका कोपऱ्यात, आई दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला चर्चचा रुमाल.

पंचांनी दोघींना मध्ये बोलावलं. हातमोज्याला हातमोजा लावला. आणि लामिले स्पष्ट म्हणाली, "डाव्याची माफी असू दे."

लोक खो खो हसले. पंचही हसले. आयोर्कोर हसली नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "असू दे." आई खुर्चीत मागे टेकली.

पहिली फेरी आयोर्कोरची. दुसरीही बहुतेक तिचीच. लामिलेचा ओठ फुटला. मास्तर कोपऱ्यात तिला काही सांगत नव्हते, नुसतं पाणी पाजत होते. तिसऱ्या फेरीत ती शिरली — वाकली, टाच वळली, मी ती टाच बघत होते! — आणि डावा खालून वर गेला. आयोर्कोर एका गुडघ्यावर बसली. पंच मोजत होते तेव्हा नॉर्टे ओरडत होता, ऊठ, ऊठ, तुझे हात, तुझे हात. ती उठली, पण उशिरा.

आईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रडतेय. म्हणाली, "माफी मागितली म्हणून लागला."

मी घरी येताना जो भेटेल त्याला सांगत होते. शरीर काही ठरवत नाही! माप काही ठरवत नाही! एकाने विचारलं, "मग डावा हात कुणाचा होता, बाई?" मी त्यालाही उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

१५ जून, रविवार

सकाळी आयोर्कोर आली. एकटी. आई चर्चला गेलेली, लामिले आत झोपलेली. मला वाटलं, मासे घ्यायला आलीय.

उभ्यानेच बोलली. "मावशी, तिने माफी मागितली तेव्हाच मला कळलं की तिला जिंकायचंय. डावा येताना दिसला मला. माझे हात लांब आहेत, मला सगळं लांबूनच दिसतं. मी हात खाली घेतला."

मी म्हटलं, "का?"

"मला नाही करायचं हे. कधीच नव्हतं करायचं. बाबांना सांगता येत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही बोललात की लोक ऐकतात." मग म्हणाली, "लामिलेला मात्र सांगू नका."

या वहीत तिची उंची आहे, दोरी आहे, मनगट आहे, मान आहे. तिला काय हवं, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

आयोर्कोर गेली. आतून लामिले विचारतेय, मावशी, कोण आलं होतं?